अस्थिमज्जेचे दान आणि दात्याचा शब्द

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी कठीण, कोरडे आणि निर्जीव असे उभे राहते. घराला जसा वासा, तसे शरीराला हाड, अशी आपली समजूत असते. पण जिवंत माणसाचे हाड हे नुसते आधाराचे लाकूड नव्हे. त्याच्या पोटात एक मऊ, तांबूस आणि रक्ताने भिजलेला गर असतो. आपल्या प्राचीन वैद्यांनी शरीराचे जे सात धातू मानले, त्यांत अस्थीच्या पाठोपाठ मज्जेची गणना केली आहे. हाडाच्या आतल्या पदार्थाला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले, हे खरे. परंतु या मज्जेचे मुख्य कार्य रक्त निर्माण करणे हे आहे, ही गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उघडकीस आली.

आज या मज्जेचे दान करता येते. ज्याला आपण पाहिलेले नाही, ज्याची भाषा आपल्याला कदाचित येणारही नाही, अशा माणसाच्या शरीरात आपली मज्जा रुजू शकते आणि त्याला आयुष्य देऊ शकते. त्यासाठी पहिली पायरी अगदी साधी आहे. ती म्हणजे दात्यांच्या नोंदवहीत आपले नाव लिहविणे. ही नोंद म्हणजे काय, ती का करावयाची आणि ती करताना आपण नेमका कोणता शब्द देत असतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

रक्ताचा कारखाना

आपल्या रक्तात तीन प्रकारचे कण असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी सामना करतात आणि बिंबाणू, ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात, ते जखम झाली असता रक्त थांबवितात. यांपैकी कोणीही चिरंजीव नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबाणू आठदहा दिवस टिकतात, आणि पांढऱ्या पेशींपैकी काहींचे आयुष्य तर एखाद्या दिवसाचेच असते. अर्थात् जितके कण मरतात तितके नवे रोज घडवावे लागतात. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. हा अखंड चालणारा कारखाना म्हणजे अस्थिमज्जा होय. लहान मुलांच्या बहुतेक सर्व हाडांत तो चालू असतो. प्रौढ वयात मात्र तो मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या आणि पाठीचे मणके यांत उरतो.

कारखान्यातील सर्व माल ज्यांच्यापासून निघतो, त्या पेशींना मूलपेशी म्हणतात. शेतकरी पिकातील उत्तम दाणे बियाण्यासाठी बाजूला ठेवतो. उरलेले खातो किंवा विकतो. मूलपेशींचे तसेच आहे. त्या दुभंगतात तेव्हा त्यांच्यातील काही पेशी रक्तकण होण्याच्या मार्गाला लागतात आणि काही मूलपेशी म्हणूनच शिल्लक राहतात. त्यामुळे बियाणे संपत नाही. टोरांटो येथील टिल आणि मॅककलॉक या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी अशा पेशींचा पहिला भक्कम पुरावा मिळविला.

आता हा कारखानाच बिघडला तर? रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागा उरू देत नाहीत. मज्जाशोष या विकारात मज्जा जणू ओसाड पडते आणि कोणतेच कण पुरेसे निर्माण होत नाहीत. थॅलॅसीमिया या आनुवंशिक रोगात तांबड्या पेशींतील रक्तरंजक नीट घडत नाही आणि मुलाला दर तीनचार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. काही मुले जन्मतःच रोगप्रतिकारक पेशींवाचून येतात. या सर्व रोगांत औषधांचा उपयोग असतो. परंतु कित्येकदा जुना कारखाना काढून टाकून तेथे नवा बसविणे हाच कायमचा उपाय ठरतो. यालाच मज्जारोपण म्हणतात.

अपयशाची वर्षे

मज्जारोपणाची कल्पना अणुयुगाच्या छायेत वाढली. १९४५ मध्ये जपानवर अणुबाँब पडल्यानंतर असे दिसून आले की, किरणोत्सर्गाने जे अवयव सर्वांत आधी निकामी होतात त्यांत मज्जेचा समावेश आहे. तेव्हा बाहेरून मज्जा देऊन प्राण वाचविता येतील काय, असा प्रश्न पुढे आला. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन काही तरुण संशोधकांना किरणोत्सर्गाची मोठी बाधा झाली. त्यांना पॅरिसला हलविण्यात आले. तेथे जॉर्ज माते या डॉक्टरांनी त्यांपैकी पाच जणांना परक्या फ्रेंच माणसांनी दिलेली मज्जा टोचली. त्या पाचांपैकी चौघे वाचले. ते परक्या मज्जेमुळेच वाचले की त्यांची स्वतःची मज्जा पुन्हा सावरली, याविषयी शास्त्रज्ञांत पुढे मतभेद राहिले; परंतु परक्या देशातील अनोळखी रुग्णांसाठी माणसे आपली मज्जा द्यावयास पुढे आली, ही घटना स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत होते. १९५७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांवरील उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या सहांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. जुळ्या भावंडांमधील रोपणे साधत. परंतु इतरांच्या बाबतीत एक तर रुग्णाचे शरीर परकी मज्जा स्वीकारीत नसे, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे रुजलेली मज्जाच रुग्णाच्या शरीरावर उलटत असे. अनेकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस यांनी मात्र कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग चालू ठेवले आणि दाता व रुग्ण यांचे ऊतिप्रकार आधी जुळवून पाहिले तर यश येते, हे दाखवून दिले. १९९० मध्ये त्यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशींचे ओळखपत्र

ऊतिप्रकार म्हणजे काय, हे समजल्याखेरीज नोंदवहीचे महत्त्व कळणार नाही. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात. पहाऱ्यावरील शिपायाने येणाऱ्याजाणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, त्याप्रमाणे आपल्या रोगप्रतिकारक पेशी ही प्रथिने तपासतात आणि आपले कोण व परके कोण हे ठरवितात. या प्रथिनांना एचएलए असे संक्षिप्त नाव आहे. फ्रान्सचे झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यांपैकी पहिल्याचा शोध लावला. त्याबद्दल १९८० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. हा प्रकार म्हणजे रक्तगट नव्हे. रक्तगटांच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव जगाच्या वैद्यकात कायमचे नोंदले गेले आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट शोधून काढला आणि तो 'बाँबे' रक्तगट या नावानेच ओळखला जातो. परंतु मुख्य रक्तगट बोटांवर मोजण्याइतके आहेत, तर एचएलए जनुकांचे आजवर ज्ञात झालेले पर्याय ३० हजारांहून अधिक आहेत. शिवाय मज्जारोपणात रक्तगट जुळलाच पाहिजे असेही नाही. उलट, रोपण यशस्वी झाले की रुग्णाचा रक्तगट काही काळाने बदलून दात्याचा होतो, कारण आता त्याच्या शरीरातील रक्त दात्याच्या मूलपेशी घडवीत असतात. एखाद्या स्त्रीला पुरुषाची मज्जा मिळाली, तर तिच्या रक्तपेशींत पुरुषाची गुणसूत्रे सापडतात.

एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात आणि सामान्यतः एका जुडीनेच आईबापांकडून मुलाकडे येतात. वडिलांजवळ अशा दोन जुड्या, आईजवळ दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेक मिळते. म्हणजे चार प्रकारच्या जोड्या संभवतात. यावरून सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा प्रकार आपल्याशी तंतोतंत जुळण्याचा संभव चारात एक, म्हणजे २५ टक्के असतो. दोन भावंडे असतील तर त्यांपैकी निदान एक तरी जुळण्याचा संभव सुमारे ४४ टक्के, आणि तीन असतील तर सुमारे ५८ टक्के होतो. शाळेतील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. पूर्वीच्या सहासात भावंडांच्या घरात जुळणारा दाता घरातच सापडण्याची आशा बरीच होती. आजच्या घरात भावंड एकच, किंवा एकही नाही. कुटुंब लहान झाले, तशी घराबाहेरच्या दात्याची गरज वाढत गेली.

एका आईने सुरू केलेली नोंद

घराबाहेरचा दाता शोधावयाचा कसा? प्रत्येक रुग्णासाठी नव्याने शोध सुरू केला, तर हजारो माणसे तपासता तपासता रुग्णच हाती राहणार नाही. म्हणून आधीच हजारो लोकांचे ऊतिप्रकार तपासून त्यांची नोंद ठेवली पाहिजे, हा विचार पुढे आला. त्याला मूर्त रूप दिले ते एका आईने. अँथनी नोलन या मुलाला जन्मतःच रोगप्रतिकारशक्तीचा एक दुर्मिळ विकार होता. त्याला जुळणारा दाता मिळावा म्हणून त्याची आई शर्ली नोलन यांनी १९७४ मध्ये लंडन येथे दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही. १९७९ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी तो गेला. पण नोंदवही बंद पडली नाही. इतरांच्या मुलांसाठी ती चालू राहिली आणि आजही चालू आहे.

जर्मनीत अशीच गोष्ट घडली. मेख्टिल्ड हार्फ यांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांचे पती पीटर हार्फ यांनी दात्यांच्या शोधासाठी मोहीम उभारली आणि त्यातून १९९१ मध्ये डीकेएमएस ही संस्था जन्मली. आज निरनिराळ्या देशांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडलेल्या असून त्यांत मिळून चार कोटींहून अधिक दात्यांची नावे आहेत. मुंबईतील रुग्णासाठी शोध घेताना पोलंड, ब्राझील, जपान येथील नोंदीही पाहिल्या जातात.

मुंबई, वेल्लोर आणि बंगळूर

भारतात मज्जारोपणाचा आरंभ मुंबईत झाला. २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर पहिले रोपण करण्यात आले. दाता तिचा भाऊ होता. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी चाकांच्या खुर्चीत बसूनच आपले सर्व काम करीत आले, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे १९८६ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मॅमेन चँडी यांच्या देखरेखीखाली रोपणे सुरू झाली आणि थॅलॅसीमियाच्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला.

ही सर्व आरंभीची रोपणे घरच्या दात्यांवर अवलंबून होती. ज्यांच्या घरी जुळणारे कोणी नाही त्यांच्यासाठी देशातच मोठी नोंदवही हवी होती. २००९ मध्ये चेन्नई येथे 'दात्री' ही संस्था या कामासाठी निघाली. बंगळूर, म्हणजेच आजचे बेंगळुरू, या शहरात १९८४ पासून बंगलोर मेडिकल सर्व्हिसेस ट्रस्ट ही संस्था रक्तपेढी चालवीत आली होती. त्या संस्थेने आणि जर्मनीच्या डीकेएमएसने मिळून २०१० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात दात्यांची नोंद सुरू केली. ड्रेस्डेन शहरात डीकेएमएसची ऊतिप्रकार तपासणारी मोठी प्रयोगशाळा आहे. बंगळूरकडे जमा झालेले नमुने तेथे पाठविण्याची पद्धत पडली.

बंगळूर शहराचा या कामाशी संबंध जडला ही गोष्ट योग्यच म्हटली पाहिजे. या शहरात देशाच्या सर्व भागांतून माणसे येऊन राहिली आहेत. सतराव्या शतकात शहाजीराजांचा मुक्काम येथे पडला, तेव्हापासून मराठी भाषकांची वस्ती येथे आहे. आणि गेल्या काही दशकांत पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची हजारो तरुण मंडळी येथील कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि संगणक कंपन्यांत काम करावयास आली. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, बंगाली असे सर्व लोक एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसतात. एका दुपारी एका कचेरीत नोंदणीचे शिबिर भरले, तर निम्म्या हिंदुस्थानचे ऊतिप्रकार त्यात सापडावेत.

आपल्याच लोकांची नावे का हवीत

जगात चार कोटी दाते असताना आपल्या आणखी काही नावांनी काय होणार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. ऊतिप्रकार वंशपरंपरेने येतात. म्हणून जुळणारा अनोळखी दाता बहुधा त्याच भूभागातील, समान पूर्वजपरंपरेतील लोकांत सापडतो. जागतिक नोंदवह्यांत युरोपीय वंशाच्या दात्यांची संख्या फार मोठी आहे. त्यामुळे जर्मन किंवा इंग्रज रुग्णाला दाता मिळण्याची आशा पुष्कळ असते. भारतीय रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात नोंदलेले दाते अद्याप काही लाखांच्याच घरात आहेत. त्यातच आपल्याकडे शतकानुशतके विवाह आपापल्या जातींत आणि पोटजातींत होत आले. परिणामी काही ऊतिप्रकार एखाद्या समाजातच अधिक आढळतात. अशा समाजातील एकाही माणसाचे नाव नोंदवहीत नसेल, तर त्या समाजातील आजारी मुलासाठी जगभर शोधूनही काही हाती लागत नाही.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. लंडन किंवा न्यू जर्सी येथे जन्मलेल्या मुलाचा ऊतिप्रकार त्याच्या पारपत्रावरून ठरत नाही. त्याला जुळणारा माणूस कदाचित साताऱ्यात असेल, बेळगावात असेल, किंवा बंगळुरात नोकरी करीत असेल. तो जोवर नोंदवहीत नाही, तोवर तो असून नसल्यासारखाच.

नाव नोंदविताना

नोंदणीची रीत सोपी आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि साधारणतः पन्नाशी-पंचावन्नच्या आतील निरोगी व्यक्ती नाव देऊ शकते. वयाची वरची मर्यादा निरनिराळ्या संस्थांत थोडी वेगवेगळी असते. एक पत्रक भरून संमती द्यावयाची, प्रकृतीविषयीच्या काही प्रश्नांची उत्तरे लिहावयाची आणि कापसाचा बोळा लावलेल्या काड्या गालाच्या आतल्या बाजूवर काही क्षण फिरवून पाकिटात घालावयाच्या. रक्त काढावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. काडीला चिकटलेल्या पेशींतून ऊतिप्रकार कळतो. तो एका क्रमांकाखाली नोंदला जातो आणि दाता वयाची साठी गाठीपर्यंत बहुधा तेथे राहतो.

पुढे काय होते? बहुसंख्य दात्यांच्या बाबतीत काहीच होत नाही. त्यांना कधीही बोलावणे येत नाही. पण एखाद्या दिवशी, दोन महिन्यांनी किंवा दहा वर्षांनी, दूरध्वनी येतो की आपला प्रकार एका रुग्णाशी जुळला आहे. मग अधिक बारकाईची तपासणी होते, दात्याच्या प्रकृतीची पूर्ण पाहणी होते आणि सर्व ठीक असल्यास दानाचा दिवस ठरतो. प्रवासाचा आणि तपासणीचा खर्च दात्याला करावा लागत नाही. तसेच दानाबद्दल त्याला मोबदलाही मिळत नाही. दाता आणि रुग्ण यांना एकमेकांची नावे सांगितली जात नाहीत. ठरावीक काळानंतर, दोघांची इच्छा असेल आणि त्या देशाचे नियम अनुकूल असतील, तरच त्यांची ओळख करून देतात.

मज्जा आणि मज्जारज्जू

दानाविषयी जी भीती आहे ती पुष्कळशी शब्दांमुळे उत्पन्न झाली आहे, आणि त्याचा काही दोष आपल्या भाषेकडे जातो. मराठीत हाडातील गराला आपण अस्थिमज्जा म्हणतो आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराला मज्जारज्जू म्हणतो. दोन्ही शब्दांत 'मज्जा' असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की, दान करताना कण्यात सुई घालतात आणि हात चुकला तर माणूस लुळा होतो. वास्तविक या दोन वस्तूंचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मज्जारज्जू हा मेंदूचे निरोप वाहून नेणारा भाग आहे. तेथून काहीही काढले जात नाही. या कारणास्तव कित्येक डॉक्टर हल्ली 'रक्तमूलपेशींचे दान' असा शब्दप्रयोग करतात, आणि तो अधिक अचूकही आहे.

दानाच्या दोन रीती आहेत. आज बहुतेक दाने पहिल्या रीतीने होतात. दात्याला चारपाच दिवस रोज कातडीखाली एक औषध टोचतात. त्या औषधामुळे मज्जेतील मूलपेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. त्यानंतर एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात नेतात. यंत्र मूलपेशी वेगळ्या काढून घेते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत शरीरात सोडते. यास चारपाच तास लागतात. दाता या वेळात जागा असतो, वाचतो, बोलतो. औषधाच्या दिवसांत हाडे दुखणे, डोके दुखणे, थकवा येणे असा त्रास अनेकांना होतो; औषध थांबले की तो बहुधा काही दिवसांतच जातो.

दुसऱ्या रीतीत दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागील भागातून सुईने मज्जा काढून घेतात. दात्याला दोनतीन दिवस रुग्णालयात राहावे लागते आणि कंबर काही दिवस ठणकते. काढलेली मज्जा शरीर काही आठवड्यांत भरून काढते. कोणतीही भूल आणि कोणतेही औषध पूर्णपणे निर्धोक नसते. म्हणूनच दात्याची आधी कसून तपासणी होते. गंभीर उपद्रव होण्याचे प्रमाण फार थोडे आहे. पण दात्याला हे सर्व स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नकळत दिलेली संमती ही संमती नव्हे.

दान केलेल्या पेशी थंड पेटीत ठेवून एक विश्वासू माणूस त्या हाताने घेऊन निघतो. साधारणपणे ७२ तासांच्या आत त्या रुग्णापर्यंत पोहोचाव्या लागतात. रुग्णाला त्या रक्ताप्रमाणे शिरेतून देतात; शस्त्रक्रिया करावी लागत नाही. शिरेतून गेलेल्या मूलपेशी आपणहून हाडांचा रस्ता शोधून काढतात आणि दोनचार आठवड्यांत नवे रक्त घडवू लागतात.

शब्द मोडला तर

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नाव नोंदविणे जितके सोपे, तितकेच ते विसरणेही सोपे आहे. शिबिरात मित्रांच्या आग्रहाने काडी गालाला लावलेली असते. वर्षे लोटतात. दूरध्वनी येतो तेव्हा लग्न झालेले असते, गाव बदललेले असते, नोकरीत नवा वरिष्ठ आलेला असतो. दात्याची स्वतःची तयारी असली, तरी घरची मंडळी घाबरतात. आई म्हणते, "ओळखीचा नाही, पाळखीचा नाही, त्याच्यासाठी तू कशाला अंगावर ओढवून घेतोस?" मुलीच्या बाबतीत तर सासरचे आणि माहेरचे असे दोन्हीकडचे प्रश्न उभे राहतात. असा दाता शेवटी माघार घेतो. सर्व देशांच्या नोंदवह्यांना ही अडचण जाणवते. आणि ज्या देशात वैयक्तिक निर्णयही घरादाराच्या संमतीने होतो, तेथे ती अधिकच जाणवते.

माघार घेण्याचा अधिकार दात्याला नेहमीच असतो. कोणालाही बळजबरीने दान करावयास लावता येत नाही, आणि ते तसेच असावयास हवे. पण माघार केव्हा घेतली, याला फार महत्त्व आहे. रोपणापूर्वी रुग्णाला सुमारे आठवडाभर अतिशय तीव्र औषधे, आणि काही वेळा किरण देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात. जुना कारखाना पाडल्यावाचून नवा उभा राहत नाही. एकदा हे सुरू झाले की परतीची वाट बंद होते. अशा वेळी दाता आला नाही, तर रुग्णाजवळ ना स्वतःची मज्जा उरते, ना दुसऱ्याची. थोडेसे रोगजंतूही त्याला पुरे होतात. म्हणून नोंदवही चालविणारे लोक दात्याला पुन्हा पुन्हा विचारतात. आधी दिलेला नकार रुग्णाला दुसरा मार्ग शोधण्यास वेळ देतो. शेवटच्या घटकेचा नकार काहीच ठेवीत नाही.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. नाव देण्यापूर्वी घरी बोलावे. आईवडिलांना, पतीला अथवा पत्नीला ही सर्व प्रक्रिया समजावून सांगावी; विशेषतः कण्याविषयीचा गैरसमज दूर करावा. पत्ता बदलला की नोंदवहीला कळवावे. आणि मन नक्की होत नसेल तर नाव देऊ नये. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. न पाळल्या जाणाऱ्या शंभर शब्दांपेक्षा पाळला जाणारा एक शब्द रुग्णाच्या अधिक उपयोगी पडतो.

आशेच्या मर्यादा

मज्जारोपण हा काही चमत्कार नव्हे. दाता तंतोतंत जुळला तरी रोग उलटू शकतो, जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि नवी मज्जा रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर किंवा आतड्यांवर हल्ला करू शकते. उपचारांना अनेक लाख रुपये लागतात. थॅलॅसीमियाच्या गरीब मुलांसाठी २०१७ मध्ये कोल इंडिया कंपनीच्या निधीतून 'थॅलॅसीमिया बाल सेवा योजना' सुरू झाली. अशा मदतीची गरज अजून पुष्कळ आहे. इतर मार्गही निघाले आहेत. १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी नाळेतील रक्ताचे पहिले रोपण केले. अलीकडे आई, वडील किंवा अपत्य यांची अर्धी जुळणारी मज्जाही विशेष औषधांच्या साहाय्याने वापरता येते, आणि भारतात हा मार्ग अनेक रुग्णांना उपयोगी पडला आहे. तरीही पूर्णपणे जुळणाऱ्या अनोळखी दात्याचे महत्त्व कमी झालेले नाही. घरी कोणीच नसते, किंवा घरच्यांतच तो आनुवंशिक रोग असतो, तेव्हा डॉक्टरांची दृष्टी नोंदवहीकडेच वळते.

हे पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचे वय बहुधा अठरा वर्षांच्या आत असेल. त्यांना आज नाव देता येणार नाही. परंतु अठरावे वर्ष येईपर्यंत त्यांना पुष्कळ करता येईल. आपल्या वर्गात चारात एकाचे गणित मांडून दाखविता येईल. घरी मज्जा आणि मज्जारज्जू यांतील भेद समजावून सांगता येईल. मोठ्या भावाने किंवा बहिणीने नाव नोंदविले असेल आणि त्याला कधी बोलावणे आले, तर घाबरलेल्या आजीजवळ बसून तिच्या शंकांचे निरसन करता येईल. दात्याने आपला शब्द पाळावा यासाठी त्याच्या घरात असे एखादे जाणते माणूस असणे फार मोलाचे असते. आणि ते माणूस होण्यास वयाची अट नाही.